आनंदाने आणि आनंदने : विशेषनाम शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय मराठी पाठ्यपुस्तकांचे रचनाकार आणि इयत्ता सहावी ते आठवीचे मराठी शिक्षक यांस

सामान्यनाम आणि विशेषनाम हा धडा बहुतेक वर्गांत एका तासात उरकतो. फळ्यावर मधोमध रेघ ओढली जाते. डावीकडे मुलगा, नदी, शहर, पर्वत. उजवीकडे अजय, गोदावरी, पुणे, हिमालय. खाली दोन व्याख्या. एकाच जातीच्या वस्तूंना समान गुणधर्मामुळे जे नाव मिळते ते सामान्यनाम. एका विशिष्ट व्यक्तीचा, प्राण्याचा, वस्तूचा किंवा ठिकाणाचा बोध करून देते ते विशेषनाम. मुले हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत 'नदी'पुढे सामान्यनाम आणि 'गोदावरी'पुढे विशेषनाम लिहितात, गुण मिळतात आणि गाडी सर्वनामाकडे वळते.

अडचण येते ती 'आनंद' या शब्दाशी. तो डाव्या रकान्यात घालायचा की उजव्या? यादीत एकटा पडलेला 'आनंद' कुठेच बसत नाही, कारण तो मनाची अवस्थाही आहे आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगाही. आता दोन वाक्ये घ्यावीत. 'आनंदाने पेढे वाटले.' 'आनंदने पेढे वाटले.' पहिल्यात पेढे कोणी वाटले ते कळत नाही, कसे वाटले ते कळते. दुसऱ्यात नेमके उलट. मराठी बोलणारे मूल ही दोन्ही वाक्ये शाळेत पाऊल टाकण्याआधीपासून बिनचूक बोलत असते. त्याला भाववाचक नाम आणि विशेषनाम यांतला फरक ठाऊक असतो, फक्त आपल्याला तो ठाऊक आहे हे ठाऊक नसते. नामांचे प्रकार शिकवायचे तर इथून सुरुवात करावी, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. यादी बाजूला ठेवावी, वाक्य हातात घ्यावे, आणि मराठी स्वतः हा फरक कुठे दाखवते ते मुलांना शोधू द्यावे.

देवनागरीत मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेद नाही. इंग्रजीच्या तासाला मुलाला एक सोयीची खूण मिळते: पहिले अक्षर मोठे दिसले की विशेषनाम. ही खूण इंग्रजीतही पुरती भरवशाची नाही. तिथे देशावरून, भाषेवरून बनलेली विशेषणेही मोठ्या अक्षराने सुरू होतात, आणि शेजारच्या जर्मन भाषेत तर झाडून सगळी नामे मोठ्या अक्षराने लिहितात. पण सवय लागायची ती लागते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा सहावीच्या वर्गात आज अशीही मुले बसतात जी नामांचे प्रकार आधी इंग्रजीत शिकलेली असतात. मराठीच्या पानावर ती ही खूण शोधतात आणि ती सापडत नाही. मग 'मराठीत विशेषनाम ओळखायला पाठांतराशिवाय उपाय नाही' असा समज होतो. तो खोटा आहे. मराठीत खूण आहे. ती शब्दाच्या सुरुवातीला नसून शेवटाकडे आहे.

त्या खुणेकडे जाण्याआधी व्याख्येचे पाहायला हवे. 'विशिष्ट व्यक्तीचा किंवा वस्तूचा बोध' ही शब्दयोजना मुलांना चकवते. एकच नदी असलेल्या गावात कोणी 'नदीवर चाललो' म्हणाले, तर ऐकणाऱ्याला नेमक्या त्याच नदीचा बोध होतो. 'मुख्याध्यापकांनी बोलावले आहे' यात शाळेतल्या एकाच विशिष्ट व्यक्तीचा बोध होतो. तरी नदी आणि मुख्याध्यापक ही सामान्यनामेच. हुशार मूल नेमके इथे हात वर करते, आणि बहुधा त्याला गप्प बसवले जाते.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार मानले आहेत: जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. यदृच्छाशब्द म्हणजे कोणीतरी आपल्या मर्जीने ठेवलेले नाव. वस्तूच्या अंगी काही गुण आहे म्हणून नव्हे, ठेवणाऱ्याच्या मनात आले म्हणून. या प्रकाराचे उदाहरण म्हणून संस्कृत ग्रंथांत 'डित्थ' असे ऐकायलाही विचित्र नाव येते, ते बहुधा मुद्दामच. त्यात अर्थ शोधत बसण्याचा मोह व्हायला नको. विशेषनामाचे मर्म ते किती जणांना लागू पडते यात नाही, ते ठेवलेले असते यात आहे. शाळकरी मुलांसाठी हाच विचार बारशाच्या भाषेत सांगता येतो. गोठ्यात वासरू जन्मले की ते वासरू असतेच, त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. ढवळ्या, पवळ्या किंवा चंद्री ते तेव्हाच होते जेव्हा घरातले कोणी तसे ठरवते. नदीला 'नदी' म्हणायला कोणी जमले नव्हते. 'हे नाव ठेवावे लागले का?' हा प्रश्न विचारला की गावातली एकुलती एक नदी आपोआप सामान्यनामांत जाते आणि मुलाचा वर केलेला हात खाली येतो.

ठेवलेले नाव बदलताही येते. बॉम्बे आणि बंबई ही नावे मागे पडून १९९५ साली मुंबई हे एकच अधिकृत नाव झाले, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात माणसांनी आपली नावे बदलल्याच्या नोंदी नियमाने छापल्या जातात. 'शहर' या शब्दाचे मात्र अधिसूचना काढून दुसरे काही करता येत नाही. सातवीच्या मुलांना ही गंमत लगेच कळते, आणि नागरिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडते.

आता खुणेकडे. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी मराठी नामाच्या रूपात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात. घोडा, घोड्याला. शाळा, शाळेत. दगड, दगडाने. सामान्यनामांत हा बदल जवळपास अटळ आहे. 'दगडने मारले' असे मराठी मूल म्हणत नाही. पण आजच्या बोलण्यात आणि लिहिण्यात माणसांची नावे या बदलाला दाद देत नाहीत. सचिनने, सचिनला, सचिनचा. 'सचिनाने' कोणी म्हणत नाही. परिणामी ज्या ज्या शब्दाचा सामान्यनाम किंवा भाववाचक नाम म्हणूनही वापर होतो आणि मुलाचे किंवा मुलीचे नाव म्हणूनही, तिथे तिथे जोड्या तयार होतात. सागराला भरती येते, सागरला ताप येतो. विकासाच्या योजना मंत्रालयात ठरतात, विकासच्या योजना मधल्या सुट्टीत. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो, प्रकाशचा वेग क्रीडांगणावर मोजावा लागतो. मुलींच्या नावांतही हेच. आई पूजेला बसली, पण बाईंनी पूजाला पहिल्या बाकावर बसवले. झाडाच्या छायेत आणि छायाच्या घरी. प्रतिभेची झेप आणि प्रतिभाची वही. आशेवर जगणे आणि आशावर रागावणे.

फळ्यावर अशी चार वाक्ये लिहून शिक्षकाने फक्त 'फरक कुठे आहे?' एवढेच विचारावे. मुले आधी अर्थ सांगतात. मग कोणाला तरी तो एक काना दिसतो, कोणाला पूजा आणि पूजे यांतली मात्रा दिसते. व्याख्या नंतर आली तरी चालते, किंबहुना नंतरच यावी.

एकदा ही नजर आली की मुले तिचा वापर शिक्षकाने न दिलेल्या शब्दांवर करू लागतात, आणि तिथे काही फार सुरेख गोष्टी हाती लागतात. नात्यांचे शब्द घ्या. नवरा, सासरा, मेहुणा, भाचा, मुलगा ही आकारान्त पुल्लिंगी नामे आहेत. नवऱ्याला, सासऱ्याला, मेहुण्याला, भाच्याला, मुलग्याला अशी ती रीतसर बदलतात. काका, मामा, दादा, बाबा, आजोबा हीदेखील आकारान्त पुल्लिंगीच. पण त्यांचे काक्याला, माम्याला होत नाही. काकाला, मामाला, दादाला असेच राहते. असे का? पहिल्या गटातल्या शब्दांनी मराठी घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. 'अहो सासरा' असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक शब्दाने हाक मारतात. हाक मारायचा शब्द हा वापरात नावासारखाच असतो, म्हणून त्याचे वागणेही नावासारखे. 'आई हे कोणते नाम?' या नेहमीच्या वादालाही इथे दार सापडते. 'प्रत्येक मुलाला आई असते' यात आई हे सामान्यनाम आहे. 'आई, डबा दे' यात ते नावाच्या जागी उभे आहे.

आडनावांची गोष्टही तशीच, जरा गुंतागुंतीची. बागेतल्या माळ्याने कुंपण छाटले. फळा मात्र माळींनी पुसला. एकेकाळी लोक लग्नाचा मुहूर्त जोश्याला विचारत. आज शेजारच्या जोशींना पार्किंगबद्दल विचारतात. जुन्या लेखनात गोखल्यांनी, फडक्यांनी अशी रूपे सरसकट आढळतात. आता गोखलेंनी, फडकेंनी ही रूपे रूढ होत चालली आहेत. जुन्या वळणाच्या शिक्षकांना ती खटकतात. त्यांचे खटकणे समजण्यासारखे आहे, पण नावाला धक्का न लावता प्रत्यय जोडायचा ही आजच्या मराठीची ओढ आहे आणि ती सचिनने, विकासला या रूपांशी सुसंगतच आहे. मुलाच्या वहीतले 'गोखलेंनी' लाल शाईने खोडण्याऐवजी दोन्ही रूपे शेजारी लिहून कोणते केव्हाचे ते सांगितले तर अधिक शिकवून होईल. 'पाटलांकडे लग्न आहे' यात मात्र आडनाव अजूनही बदलते. 'पाटीलांकडे' लिहिणारे वाढत असले तरी कानाला ते अजून पुरते पटलेले नाही.

या कसोटीच्या मर्यादा लपवून ठेवू नयेत. गावांची जुनी नावे सामान्यनामांसारखीच बदलतात: पुण्याला, साताऱ्यात, गोव्याहून, बडोद्याचा. देवादिकांची नावेही. म्हणून गणेशाला दूर्वा वाहतात आणि गणेशला डबा देतात, कृष्णाने गीता सांगितली, आणि कृष्णा नदीचे 'कृष्णेचे पाणी' होते. जुन्या पिढीच्या लेखनात आणि बोलण्यात माधवाने, वसंताला अशी रूपे सहज येतात. तेव्हा आजोबांच्या पत्रातले 'वसंताला' चुकीचे ठरत नाही. आदरार्थी बहुवचन आले की नाव पुन्हा बदलते: टिळकांनी, तुकारामांचे, विजयरावांना. आणि ईकारान्त स्त्रीलिंगी नावांत ही खूण मुळातच दिसत नाही. 'प्रगतीने सगळ्यांना चकित केले' हे वाक्य मुलीबद्दल आहे की तिच्या गुणपत्रिकेबद्दल, ते मागचे-पुढचे वाक्यच सांगेल. थोडक्यात, शब्दाचे रूप बदलले नाही तर ते बहुधा नाव आहे असे म्हणता येते. बदलले तर नाव नाही असे म्हणता येत नाही.

गावांच्या नावांतही काही ठिकाणी जोड्या सापडतात. 'मुलांच्या कल्याणासाठी' आणि 'कल्याणसाठी जलद लोकल' ही सर्वांत ठसठशीत. उलट 'तो ठाण्यात गेला' हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही; तो गृहस्थ शहरात गेला की पोलिसांकडे, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे लागेल. शुद्धलेखनाचा एक धागाही इथे जोडता येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार ग्रामनामातला 'पूर' दीर्घ लिहायचा: नागपूर, सोलापूर. पण सामान्यरूप झाले की तोच ऱ्हस्व होतो: नागपुरात, सोलापुरात. आणि 'नागपूरला'मध्ये सामान्यरूप दिसत नाही, म्हणून तो दीर्घच राहतो. हा नियम पाठ करणारी मुले पुष्कळ असतात. तो नामाच्या रूपाशी जोडून दाखवणारा तास क्वचित होतो.

अनेकवचनाची कसोटी पुस्तकांत असतेच: सामान्यनामाचे अनेकवचन होते, विशेषनामाचे होत नाही. ती बरी आहे, पण दोन्हीकडून गळते. दूध, सोने, पाणी ही सामान्यनामेच, पण 'दोन सोनी' कोणी म्हणत नाही. म्हणूनच व्याकरणकारांनी सामान्यनामांत पदार्थवाचक हा पोटप्रकार केला. दुसऱ्या बाजूने, 'आमच्या वर्गात तीन प्रणव आहेत' हे वाक्य कोणत्याही शाळेत ऐकू येते. मग प्रणव हे सामान्यनाम झाले का? नाही. त्या तिघांत एका नावाखेरीज दुसरे काही समान असण्याची गरज नाही. तीन बारशी झाली, योगायोगाने एकच नाव निघाले. याच्या शेजारी 'आमच्या वाड्यात तीन नारद आहेत' हे वाक्य ठेवावे. या तिघांपैकी एकाचेही नाव नारद नाही, पण तिघांच्या अंगी एक गुण आहे: इकडचे तिकडे करणे. इथे विशेषनाम सामान्यनाम झाले आहे. हा फरक आठवीच्या मुलांना पेलतो, आणि या धड्यातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे, त्यामुळे त्याला एक पूर्ण तास द्यावा.

मराठीत अशा नावांची कमतरता नाही. कुंभकर्ण झोपतो, शकुनी डाव टाकतो, हरिश्चंद्र खरे बोलतो, भगीरथ प्रयत्न करतो. पुस्तकांत याच ठरावीक मंडळींची वर्णी लागते. मुलांच्या जगातली उदाहरणे मात्र दुकानात आणि रस्त्यावर आहेत. वनस्पती तुपाला कोणत्याही कंपनीचे असले तरी डालडा म्हणत आले; आणि 'डालड्यात तळलेले' असे सामान्यरूप झाले, यावरूनच हे नाव डब्यावरून उतरून जातिशब्दांत मिसळले हे कळते. झेरॉक्स काढतात ती कोणत्याही यंत्रावर. पाण्याची बाटली मागताना 'एक बिसलेरी द्या' म्हणतात आणि दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो, गिऱ्हाईकही तक्रार करत नाही. रस्त्याच्या कडेला माती उपसणारे पिवळे यंत्र म्हणजे जेसीबी. ही मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरे, पण गावात 'दोन जेसीबी आले' म्हणताना ते कोणत्या कंपनीचे याची चौकशी कोणी करत नाही. मुलांना स्वयंपाकघर आणि वाण्याचे दुकान यांतून अशी नावे गोळा करायला सांगावीत. यादी शिक्षकाच्या अपेक्षेपेक्षा लांब होते.

उलटा प्रवास अधिक शांतपणे होतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि 'गंगेवर' जातात. हे एका विशेषनामाच्या जागी दुसरे विशेषनाम झाले. पण कोकणातला माणूस 'देशावर' जातो तेव्हा देश हे सामान्यनाम सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या मुलखाचे नाव झालेले असते. महाराष्ट्रात नुसते 'महाराज' म्हटले तर बहुतेक ठिकाणी शिवाजी महाराजच अभिप्रेत असतात, आणि वारकऱ्यांमध्ये 'माउली' म्हणजे ज्ञानेश्वर. पुण्यात १९३२ साली निघालेल्या दैनिकाचे नाव 'सकाळ'. बातमी सकाळी वाचली आणि बातमी 'सकाळ'मध्ये वाचली, या दोन वाक्यांत पहिल्याने सामान्यरूप घेतले आहे, दुसऱ्याने घेतलेले नाही. पुस्तकांची नावे तर सगळीच्या सगळी सामान्यनामांची बनलेली असू शकतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये काय आहे असे लिहिताना अवतरणचिन्हांच्या आतले रूप अभंग राहते. गप्पांत मात्र लोक खुशाल 'बटाट्याच्या चाळीत' म्हणतात. संस्थांच्या नावांत शेवटचा शब्द अजून आपला मूळ अर्थ धरून असतो, म्हणून तो वाकतो: साहित्य परिषदेत, लोकसभेत.

काही शब्दांबद्दल एकमत नाही, आणि तसे वर्गात स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. चंद्र हे विशेषनाम की सामान्यनाम? पृथ्वीपुरते पाहिले तर ते एकाच गोलकाचे नाव आहे. पण गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार गोलक पाहिले आणि त्यानंतर 'गुरूचे चंद्र' म्हणणे रूढ झाले. म्हणजे आकाशात नवी भर पडली आणि एक नाव जातीचे नाव होऊ लागले. सोमवार हे एका दिवसाचे नाव म्हणावे, तर तो दर आठवड्याला येतो आणि 'श्रावणातले सगळे सोमवार' असे सहज म्हणता येते. इंग्रजीत त्याला मोठे अक्षर आहे, म्हणून अनेक मार्गदर्शक पुस्तके डोळे मिटून विशेषनाम लिहितात. मराठीत हा निर्णय मराठीच्या पुराव्यावर व्हायला हवा. 'एका बाजूने असे, दुसऱ्या बाजूने तसे' असे कारणांसह लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळावेत.

मुलांच्या गोंधळात भर पडते ती तीन भाषांच्या तीन परिभाषांची. मराठीत सामान्यनाम आणि विशेषनाम, हिंदीत जातिवाचक संज्ञा आणि व्यक्तिवाचक संज्ञा, इंग्रजीत आणखी तिसरे. हिंदीतले 'व्यक्तिवाचक' ऐकून पुणे आणि गोदावरी त्यात कशा, असा प्रश्न पडतो. 'जातिवाचक' ऐकून मुले भलतीकडेच जातात. तिन्ही भाषांच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसून शब्दांची सांगड घालणारी एक पट्टी वर्गात लावली, तरी बराच गोंधळ निवळेल. वास्तविक इंग्रजीच्या धर्तीवर मराठी व्याकरण मांडण्याची रीत जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले, तेव्हा समोर आधाराला ते नमुने होते आणि त्यांनी त्यातून मोठे काम उभे केले. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त सामान्यरूपाचा प्रपंच विस्ताराने मांडला. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहिला. एवढी पुंजी हाताशी असताना शाळेतला धडा दोन रकान्यांवर अडलेला आहे.

वर्गात वापरायच्या साधनांबद्दल दोनच गोष्टी. शालेय नकाशासंग्रहाच्या शेवटी नावांची सूची असते. तिच्यात फक्त विशेषनामे असतात. शब्दकोशात नदी सापडते, नकाशाच्या सूचीत भीमा सापडते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून एकच शब्द दोन्हीकडे शोधायला लावणे हा चांगला खेळ आहे, आणि 'कल्याण' दोन्हीकडे सापडला की तो रंगतो. दुसरी गोष्ट सावधगिरीची. सुतार, कुंभार, लोहार, माळी, जोशी या आडनावांची उदाहरणे व्याकरणासाठी नामी आहेत, पण ती वर्गातल्या हजेरीतून उचलू नयेत. एखाद्या मुलाचे आडनाव फळ्यावर लिहून 'हा मूळचा कोणता व्यवसाय' असे विचारणे म्हणजे त्याची जात चारचौघांत विचारणेच होय. वर्तमानपत्रातली किंवा कल्पित वाक्ये घ्यावीत, काम तेवढेच होते.

उरला प्रश्नपत्रिकेचा मुद्दा. जोवर 'पुढील शब्दांचा प्रकार ओळखा' हा प्रश्न सुट्या शब्दांवर विचारला जाईल, तोवर शिक्षकही सुटे शब्दच शिकवतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत तर दिलेल्या पर्यायांतूनच उत्तर निवडावे लागते, तिथे 'आनंद' असा सुटा शब्द देणे हा मुलावर अन्याय आहे. त्याऐवजी वाक्य द्यावे आणि शब्द अधोरेखित करावा. 'विजयाच्या बातमीने विजयच्या घरी गर्दी झाली' या एका वाक्यातले दोन अधोरेखित शब्द पुरेसे आहेत. वर्णनात्मक प्रश्नपत्रिकेत प्रकाराला अर्धा गुण आणि कारणाला अर्धा गुण ठेवावा. सहावीत नाव ठेवलेले आहे का एवढेच विचारावे, सातवीत सामान्यरूपाचा पुरावा मागावा, नारद आणि जेसीबी आठवीसाठी राखून ठेवावेत. आणि चंद्र, सोमवार, आई हे शब्द एक गुणाच्या प्रश्नात कधीही घालू नयेत. त्यांच्यासाठी चार ओळींची जागा सोडावी.